लिंकन हरत हरत अध्यक्ष झाला नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१२ फेब्रुवारीला अब्राहम लिंकनच्या जयंतीनिमित्त आपल्या युवा पुरवणीत आलेल्या चौकटीबद्दल हे पत्र आहे. त्या चौकटीतला मजकूर नवा नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत तो फ्लेक्सवर असतो आणि दर फेब्रुवारीत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. १८३१ धंद्यात अपयश, १८३२ पराभव, १८३३ पुन्हा दिवाळे, १८३८ पराभव, १८४३ पराभव, १८४८ पराभव, १८५५, १८५६, १८५८ पराभव, आणि मग एकदम १८६० राष्ट्राध्यक्ष. खाली ठळक अक्षरांत 'प्रयत्न सोडू नका'.

यातली बरीच सालं खरी आहेत. गोम अशी, की १८३४, १८३६, १८३८, १८४० आणि १८४६ या पाच निवडणुका लिंकन जिंकला होता आणि त्या यादीत दिसत नाहीत. पराभव म्हणून दिलेल्यांपैकी दोन पराभवच नव्हते. आणि त्याच्या हातून खरोखर झालेली मोठी चूक यादीत नाहीच. वाचणाऱ्या पोराचा समज असा होतो, की तीस वर्षं आपटत राहिलं की एक दिवस नशीब उघडतं. प्रत्यक्षात लिंकन हा मतं मोजणारा, वाट पाहणारा, पक्षाची बांधणी जाणणारा मुरब्बी राजकारणी होता. आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून जिल्हा बँकेपर्यंत पॅनल बांधणारी माणसं घरोघरी आहेत, त्यांना हा लिंकन चटकन कळेल. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

त्याचा जन्म केंटकीत १८०९ साली, ओंडक्यांच्या एका खोलीच्या घरात झाला. पुढे कुटुंब इंडियानात गेलं. तिथे १८१८ मध्ये आई वारली ती 'दुधाच्या आजारा'ने. पांढऱ्या फुलांची एक विषारी रानवनस्पती गाई चरत, विष दुधात उतरे आणि ते दूध पिणारं माणूस थोड्याच दिवसांत दगावे. कारण तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळं शालेय शिक्षण मिळून वर्षभराचंही नाही. १८३१ मध्ये तो इलिनॉयमधल्या न्यू सेलम या लहानशा गावी आला. तिथे भागीदारीत दुकान टाकलं, ते बुडालं, भागीदार मेला आणि सुमारे ११०० डॉलरचं कर्ज एकट्याच्या अंगावर आलं. ते त्याने कित्येक वर्षं फेडलं. दरम्यान पोस्टमास्तरकी केली आणि जमीन मोजणीचं काम शिकला. त्याची मोजणीची साखळी ६६ फुटांची होती. आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे एक चौरस साखळी बरोबर चार गुंठे, आणि दहा चौरस साखळ्यांचा एकर. या कामाने त्याला पैसा फार दिला नाही, पण तालुकाभर बांधाबांधावर ओळख दिली. पुढच्या निवडणुकीत ही ओळख कामी आली.

१८३२ च्या ज्या पराभवाने यादी सुरू होते, तो नीट पाहण्यासारखा आहे. विधानसभेच्या चार जागांसाठी तेरा उमेदवार होते. लिंकन आठवा आला. वय तेवीस, गावात येऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि प्रचाराचे बहुतेक दिवस ब्लॅक हॉक या आदिवासी नेत्याविरुद्धच्या युद्धातल्या स्वयंसेवक तुकडीत गेलेले. पण त्याच्या न्यू सेलमच्या केंद्रावर ३०० पैकी २७७ मतं त्याला होती. मतदान तेव्हा तोंडी होई. मतदार सर्वांसमोर नाव सांगे आणि कारकून ते वहीत लिही, त्यामुळे कोणी कोणाला मत दिलं हे गावाला माहीत असे. आपल्या बूथवर शंभरात ब्याण्णव मतं काढणाऱ्या पोराला आपल्याकडचा कोणता पक्ष अपयशी म्हणेल? पुढच्या वेळी तिकीट घेऊन पक्षच त्याच्या दारी जाईल. दोन वर्षांनी तो निवडून आला आणि सलग चार वेळा येत राहिला. १८३६ मध्ये तर काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात, सर्वाधिक मतं त्यालाच होती.

यादीतला '१८३८ पराभव' म्हणजे विधानसभेच्या सभापतिपदाची निवडणूक. लिंकन हा डेमोक्रॅटिक पक्षाच्या विरोधातल्या व्हिग पक्षाचा गटनेता होता. पक्षाने सभापतिपदाला आपला नेता उभा करायचा ही रीतच आहे. त्याच साली जनतेने त्याला तिसऱ्यांदा निवडून दिलं होतं.

आता ती मोठी चूक. १८३७ मध्ये सांगमन काउंटीच्या नऊ प्रतिनिधींनी राज्याची राजधानी व्हँडेलियाहून आपल्या स्प्रिंगफील्डला खेचून आणली. हे नऊही जण उंचेपुरे होते, म्हणून त्यांना 'लांबटांगे नऊ' असं नाव पडलं. लिंकन त्यांचा म्होरक्या. त्याच अधिवेशनात एक कोटी डॉलरहून अधिक खर्चाचा रेल्वे, कालवे आणि नद्यांच्या कामांचा कायदा झाला. प्रत्येक भागाला काहीतरी द्यायचं म्हणून इतक्या ठिकाणी कामं वाटली, की ज्या काउंट्यांच्या वाट्याला ना रेल्वे ना नदी, त्यांना आपसांत वाटून घ्यायला दोन लाख डॉलर रोख ठेवले. कोणाची नाराजी नको म्हणून रेल्वेमार्ग दोन्ही टोकांकडून आणि नदीच्या काठांवरून एकदमच सुरू करायचं ठरलं. परिणामी एकही मार्ग उत्पन्न देण्याइतका पूर्ण होईना आणि व्याज मात्र सगळ्यांवर चालू. त्याच वर्षी देशभर आर्थिक मंदी आली, राज्याच्या रोख्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि इलिनॉय कर्जाच्या व्याजालाही महाग झालं. पूर्ण झाला तो एक लहानसा रेल्वेमार्ग, तोही पुढे मातीमोलाने विकला. लिंकन शेवटपर्यंत त्या योजनेच्या बाजूने बोलत राहिला. अर्धवट कालवे, भूमिपूजन झालेले आणि तिथेच थांबलेले प्रकल्प आम्हा खानदेशवाल्यांना सांगायला नकोत. लिंकनच्या कारकिर्दीतून काही शिकायचंच असेल तर आधी हे शिकावं.

यादीतलं '१८४३ पराभव, १८४८ पराभव' हे जोडप्रकरण आपल्या वाचकांना सर्वांत लवकर समजेल, कारण ते अडीच-अडीच वर्षांच्या फॉर्म्युल्यासारखं आहे. स्प्रिंगफील्डच्या भागातली काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, जागा व्हिग पक्षाची हक्काची होती आणि इच्छुक तीन होते, हार्डिन, बेकर आणि लिंकन. १८४३ मध्ये लिंकनच्या स्वतःच्या काउंटीनेच बेकरला पसंती दिली, आणि वर लिंकनलाच बेकरचा प्रतिनिधी म्हणून पुढच्या बैठकीला धाडलं. ज्याने आपली ठरलेली मुलगी पळवली त्याच्याच वरातीत मिरवायची वेळ आली, अशी थट्टा त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रात केली आहे. पेकिन गावच्या बैठकीत तिकीट शेवटी हार्डिनला गेलं. तिथे लिंकनने शांतपणे एक ठराव मांडला, की पुढच्या वेळी बेकर यांना संधी मिळावी, अशी या बैठकीची शिफारस आहे. ठराव काठावर मंजूर झाला. वरकरणी त्यात बेकरचं भलं दिसतं. पण एकाने एकदाच जायचं, हे एकदा कागदावर आलं की बेकरनंतर पाळी कोणाची, हे वेगळं सांगावं लागत नाही.

१८४६ आलं तेव्हा हार्डिनला पुन्हा जायची इच्छा झाली. लिंकनने आधीच गावोगावचे प्रतिनिधी आणि स्थानिक वृत्तपत्रांचे संपादक आपल्याकडे वळवून ठेवले होते, तोंडी एकच मुद्दा, आता पाळी माझी. हार्डिनने माघार घेतली. समोर डेमोक्रॅटिक पक्षाचा नामांकित मेथडिस्ट धर्मोपदेशक पीटर कार्टराइट होता. लिंकनला ६३४० मतं पडली, कार्टराइटला ४८२९. मग १८४८ मध्ये लिंकन उभा राहिला नाही, कारण ठराव त्याचाच होता. उभं न राहणं म्हणजे पराभव, हा हिशेब यादी करणाऱ्यालाच माहीत. हरला तो त्याच्या जागी उभा राहिलेला पक्षाचा माणूस, आणि तोही शंभरेक मतांनी. त्या पराभवात लिंकनचा हात होता, कारण मेक्सिकोच्या युद्धात पहिलं रक्त नेमकं कुठल्या जागी सांडलं ते दाखवा, असा ठराव काँग्रेसमध्ये मांडून त्याने अध्यक्ष पोल्कला पेचात पकडलं होतं, आणि युद्धाच्या भरात असलेल्या मतदारांना ते रुचलं नव्हतं.

पुढची पाच वर्षं त्याने वकिली केली. १८५४ मध्ये सिनेटर डग्लसच्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी झाली, तेव्हा तो परत राजकारणात आला. इथून त्याच्या आयुष्यातली, आमच्या मते, सर्वांत सुंदर निवडणूक सुरू होते, आणि ती तो हरला.

सिनेटर तेव्हा जनतेने निवडायचा नसे, राज्याच्या विधिमंडळातले आमदार निवडत. आपल्या राज्यसभेसारखंच. लिंकनने प्रथम एक घोळ घातला. नोव्हेंबर १८५४ मध्ये तो आमदार म्हणून निवडून आला होता, पण राज्याच्या घटनेप्रमाणे आमदाराला सिनेटवर जाता येत नसे. त्याने राजीनामा दिला आणि सुरक्षित समजलेली ती जागा पोटनिवडणुकीत विरोधकांनी उचलली. शंभर जणांच्या विधिमंडळात एका मताला किती किंमत असते, हे ८ फेब्रुवारी १८५५ ला दिसलं. पहिल्या फेरीत लिंकनला ४४, डेमोक्रॅट शील्ड्सला ४१ आणि ट्रम्बुलला फक्त ५. ट्रम्बुलचे ते पाच जण डेमोक्रॅट असले तरी डग्लसच्या कायद्याचे कट्टर विरोधक होते. व्हिग माणसाला मत दिलं तर गावात तोंड दाखवता येणार नाही, एवढीच त्यांची अडचण. ते हलेनात. फेऱ्या वाढू लागल्या तसे लिंकनचे लोक गळू लागले. तेवढ्यात डेमोक्रॅटांनी शील्ड्सला बाजूला सारून गव्हर्नर मॅटेसनला पुढे केलं. तो श्रीमंत होता आणि कोणत्याच बाजूला फार बांधलेला नव्हता. नवव्या फेरीला आकडे होते मॅटेसन ४७, ट्रम्बुल ३५, लिंकन १५. मॅटेसनला तीन-चार मतं हवी होती, आणि ती कशी मिळवली जातील याचा अंदाज लिंकनला होता.

त्याने आपल्या पंधरा जणांना सांगितलं, माझा नाद सोडा, ट्रम्बुलला द्या. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. दहाव्या फेरीला ट्रम्बुल ५१ मतांनी निवडून आला. ४४ वाल्याने ५ वाल्याला निवडून आणलं. मॅटेसन पुढे कालव्याच्या जुन्या रोख्यांच्या घोटाळ्यात सापडला, हे जाता जाता. आणि ते हटून बसलेले पाच जण? त्यांच्यातला नॉर्मन जड पुढे लिंकनच्याच पक्षाचा राज्याध्यक्ष झाला. त्याचं नाव लक्षात ठेवावं, पाच वर्षांनी ते पुन्हा येणार आहे.

'१८५६ उपाध्यक्षपदासाठी पराभव' ही नोंद तर गंमतच आहे. नव्या रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन फिलाडेल्फियात चालू होतं तेव्हा लिंकन इलिनॉयमध्ये कोर्टात काम करत होता. तो उमेदवारही नव्हता. इलिनॉयच्या मंडळींनी त्याचं नाव सुचवलं आणि ११० प्रतिनिधींनी त्याला मत दिलं. न मागता देशपातळीवर ११० मतं पडली, ती यादीवाल्यांनी पराभवात धरली.

१८५८ चा सिनेटच्या जागेसाठीचा डग्लसविरुद्धचा सामना सर्वांना माहीत आहे, तो थोडक्यात. सात गावांत सात जाहीर वाद झाले. पहिला वक्ता एक तास, दुसरा दीड तास, पुन्हा पहिला अर्धा तास, आणि ध्वनिक्षेपक नाही. लिंकनच्या पक्षाला राज्यात मतं जास्त पडली, पण मतदारसंघ जुन्या जनगणनेवर आखलेले होते. रिपब्लिकनांचा जोर असलेला उत्तर भाग दरम्यान वाढला होता आणि त्याच्या जागा तेवढ्याच राहिल्या होत्या. शिवाय त्या वर्षी ज्यांची मुदत संपत नव्हती अशा आमदारांतही डग्लसचे जास्त होते. विधिमंडळात ५४ विरुद्ध ४६. याच वादांत चार्ल्स्टनला लिंकनने गोऱ्या-काळ्यांच्या सामाजिक आणि राजकीय समानतेच्या आपण बाजूने नाही, असं भर सभेत सांगितलं होतं. जयंतीच्या भाषणांत ते येत नाही. यायला हवं, कारण १८५८ चा माणूस आणि १८६५ चा माणूस यांत जो फरक पडला तोच त्याच्या चरित्राचा गाभा आहे.

आता १८६०, शिकागो. पक्षाची उमेदवारी न्यूयॉर्कच्या सीवर्डला मिळणार, हे जवळपास गृहीत होतं. लिंकनचा डाव साधा होता. कोणाला दुखवायचं नाही, सर्वांची दुसरी पसंती व्हायचं, म्हणजे पहिला आवडता पडला की लोक आपसूक इकडे वळतील. तो स्वतः स्प्रिंगफील्डला बसून राहिला. अधिवेशन शिकागोला खेचून आणणारा माणूस कोण, तर नॉर्मन जड, १८५५ च्या त्या पाचांतला. सभागृहात कोणत्या राज्याने कुठे बसायचं हेही त्यानेच ठरवलं. न्यूयॉर्कचे लोक एका टोकाला आणि मन न ठरलेले पेनसिल्व्हेनियाचे दुसऱ्या टोकाला, म्हणजे फेऱ्यांच्या मध्ये उठून कुजबुज करायला जायची सोय नाही. मार्केट कमिटीच्या मतदानाआधी संचालकांना सहलीला नेणाऱ्यांनी हे वाचावं, खुर्च्यांच्या मांडणीतही काम होतं.

पहिल्या फेरीत सीवर्ड १७३½, लिंकन १०२. जिंकायला २३३ हवी होती. दुसऱ्यात १८४½ आणि १८१. तिसऱ्या फेरीत लिंकन २३१½ वर थांबला. दीड मत कमी. ओहायोच्या प्रतिनिधीने उठून आपल्या राज्याची चार मतं फिरवली आणि काम झालं. माझ्या नावावर कसलाही सौदा करू नका, असा निरोप लिंकनने पाठवला होता. त्याच्या माणसांनी तो किती पाळला याची शंका घ्यायला जागा आहे, कारण पेनसिल्व्हेनियाचा कॅमेरॉन पुढे युद्धमंत्री झाला, त्याच्या खात्यातल्या खरेदीचा बोभाटा झाला, आणि वर्षाच्या आत त्याला हलवावं लागलं.

मुख्य निवडणुकीत चार उमेदवार होते. लिंकनला मतं चाळीस टक्क्यांपेक्षाही थोडी कमी, निर्वाचक मतं, म्हणजे राज्यवार ठरणारी आणि अध्यक्ष निवडणारी मतं, ३०३ पैकी १८०. विरोधकांत फूट पडली म्हणून जिंकला, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. तिघांची मतं राज्यवार एकत्र केली तरी लिंकनचं निर्वाचक बहुमत जात नाही, कारण उत्तरेतल्या मोठ्या राज्यांत त्याला निम्म्यापेक्षा जास्त मतं होती.

शाळांच्या भिंतींवरच्या 'हेडमास्तरांना पत्रा'बद्दल एक वाक्य इथेच. लिंकनच्या प्रकाशित समग्र लेखनात असं पत्र नाही. त्याचा मोठा मुलगा रॉबर्ट पुढे हार्वर्डला गेला, धाकटा टॅड बापाच्या हयातीत नीट वाचायलाही शिकला नव्हता. पत्र सुंदर आहे, लावायचं तर लावा, खाली लिंकनचं नाव लिहू नका.

गुलामगिरीवाली दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली, त्या यादवी युद्धाच्या हकिकती पुस्तकांत आहेत. आम्ही फक्त गुलामगिरी कशी गेली तेवढं सांगतो, कारण '१ जानेवारी १८६३ ला लिंकनने गुलामगिरी नष्ट केली' हे वाक्य आपल्या चौकटीतही आहे. त्या दिवशीचा जाहीरनामा फक्त बंडखोर राज्यांतल्या, मुख्यतः सरकारच्या ताब्यात नसलेल्या प्रदेशाला लागू होता. केंटकी, मिसुरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही गुलामगिरी असलेली पण सरकारच्या बाजूने राहिलेली राज्यं त्यातून वगळली होती. असं का, याचं उत्तर कायद्यात आहे. शांततेच्या काळात राज्यातली गुलामगिरी रद्द करायचा अधिकार अध्यक्षाला नव्हता. सेनापती म्हणून शत्रूची युद्धसाधनं काढून घ्यायचा मात्र होता. म्हणून जिथे शत्रू, तिथेच जाहीरनामा. मसुदा जुलै १८६२ मध्येच मंत्रिमंडळासमोर आला होता. आत्ता काढलात तर हरणाऱ्याची शेवटची धडपड वाटेल, असं आता परराष्ट्रमंत्री झालेल्या सीवर्डने सुचवलं, म्हणून सप्टेंबरात अँटिएटमच्या लढाईत दक्षिणेची चढाई परतवली जाईपर्यंत तो थांबला.

युद्ध संपलं की कोर्ट हा जाहीरनामा टिकू देईल का, ही धास्ती त्याला होती. म्हणून घटनादुरुस्ती. सिनेटने ती एप्रिल १८६४ मध्ये मंजूर केली. १५ जूनला प्रतिनिधिगृहात ९३ विरुद्ध ६५ मतं पडली. दोन तृतीयांशाला १०६ हवी होती, ठराव पडला. नोव्हेंबरात लिंकन २१२ विरुद्ध २१ निर्वाचक मतांनी पुन्हा निवडून आला. आता नवं, हमखास बहुमताचं सभागृह येईपर्यंत थांबता आलं असतं. तो थांबला नाही. निवडणुकीत पडलेले, मार्चपर्यंतच खुर्चीवर असलेले डेमोक्रॅट सदस्य त्याच्या माणसांनी एकेक करून गाठले. त्यांना आता मतदाराची भीती उरली नव्हती. काहींना सरकारी पदांची आशा दाखवली गेली, असं तेव्हापासून बोललं जातं. ३१ जानेवारी १८६५ ला ११९ विरुद्ध ५६. हजर १७५ जणांत ११७ लागत होती, म्हणजे दोन मतं जास्त. आठ जण गैरहजर राहिले, आणि ती गैरहजेरीही आपोआप झाली नसावी. १४ एप्रिलला त्याला गोळी लागली, दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. पुरेशा राज्यांची संमती मिळून दुरुस्ती लागू झाली ती डिसेंबरात. सुमारे ४० लाख माणसं कायद्याने मोकळी झाली. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या याच कामासाठी झटलेल्या लोकांना.

लिंकनचा खानदेशशी थेट संबंध आहे, तो आपल्या पुरवणीत एका ओळीतही नव्हता. १९ एप्रिल १८६१ ला त्याने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इंग्लंडच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस त्याच बंदरांतून येई. पहिल्या वर्षी तर दक्षिणेनेच कापूस अडवून धरला, इंग्लंड नाक मुठीत धरून आपल्या मदतीला येईल या हिशेबाने. गिरण्यांचं लँकेशायर उपाशी राहिलं आणि इंग्लंडने मान आपल्याकडे वळवली. मुंबईत कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. खानदेशचा गावठी कापूस आखूड धाग्याचा, म्हणून इथल्या कलेक्टराने गावठी सरकी मागे सारून हिंगणघाटची सरकी पेरायला लावली. रेल्वेचं काम तेव्हाच तापीच्या खोऱ्यात पोचत होतं. भाव चढला तशी भेसळही चढली. कापसात पाणी, सरकी, माती. म्हणून १८६३ मध्ये मुंबई इलाख्यात कापूस भेसळीविरुद्ध कायदा झाला आणि निरीक्षक नेमले गेले. आज खरेदी केंद्रावर ओलावा आठ टक्के की बारा टक्के यावरून जो वाद होतो, त्याचा हा पणजोबा.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या ली या सेनापतीने शरणागती पत्करली आणि कापूस कोसळला. १ जुलैला मुंबईचा सट्टा बाजार बसला. शेतकऱ्याची फसगत निराळी होती. चढ्या भावाच्या जोरावर सावकाराने त्याला चढी उचल दिली होती. भाव उतरला, उचल आणि व्याज तेवढंच राहिलं. व्हाइट हाऊसमधल्या एका हुकमाने चाळीसगाव-पाचोऱ्याच्या काळ्या रानात काय पेरायचं ते बदललं आणि चार वर्षांनी उलटलं, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगायला फ्लेक्सची गरज नाही. १८८० चं खानदेश गॅझेटियर मोठ्या वाचनालयांत मिळतं, कापसाबद्दल त्यात पुष्कळ आहे.

१८६२ चे कायदेही असेच दुर्लक्षित. मे महिन्यात शेती खातं सुरू झालं. त्याच महिन्यात १६० एकर जमीन पाच वर्षं स्वतः कसली तर नावावर, असा कायदा आला. जुलैत प्रत्येक राज्याला, त्याच्या दर काँग्रेस सदस्यामागे ३० हजार एकर सरकारी जमीन देऊन, तिच्या विक्रीतून शेतकी आणि यंत्रविद्येची महाविद्यालयं काढायला सांगितलं. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एकाच छताखाली हा त्यातून पुढे घडलेला नमुना. त्यावर १९६० साली पंतनगरचं कृषी विद्यापीठ उभं राहिलं, आणि ज्याच्या शिफारशी आपण केळी-कापसाला पाळतो ते राहुरीचं विद्यापीठ १९६८ चं. मात्र ती १६० एकर जमीन रिकामी नव्हती. त्याच वर्षी मिनेसोटात डकोटा आदिवासींच्या उठावानंतर लष्करी कोर्टाने ३०३ जणांना फाशी सुनावली. लिंकनने कागद मागवून एकेक प्रकरण तपासलं आणि बहुतेकांची फाशी रोखली. तरी डिसेंबरात ३८ जण एकाच दिवशी फासावर गेले. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी हा आकडा लिंकनच्या खात्यात कुठे मांडायचा ते स्वतः ठरवावं.

चौकट पुढच्या वर्षीही छापणार असाल तर निदान १८४८ आणि १८५६ च्या नोंदी काढाव्यात, जिंकलेली पाच सालं घालावीत, आणि १८५५ पुढे 'पराभव' याच्या जागी 'ट्रम्बुलसाठी माघार' असं छापावं. जाहीरनाम्याच्या ओळीत 'बंडखोर प्रदेशांपुरता' हे शब्द घालावेत. जागा उरली तर १८३७ च्या रेल्वे-कालव्यांच्या कर्जालाही एक ओळ द्यावी.

आपले,
इतिहास व राज्यशास्त्राचे दोन निवृत्त अध्यापक
अमळनेर, जि. जळगाव
(नावे व पत्ता कार्यालयात दिला आहे.)